कागदावर मृणालिनी की मिनू?

नागपूरहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी पाच महिन्यांची आहे. बाराव्या दिवशी बारसं झालं, तेव्हा मोठ्या नणंदेनं बाळाच्या कानात ‘मृणालिनी’ हे नाव सांगितलं. त्याआधीच, दवाखान्यातल्या पहिल्या दिवसापासून, पत्रलेखिकेचे वडील बाळाला ‘मिनू’ म्हणू लागले होते. आज घरात, शेजारीपाजारी, धुणीभांड्याच्या मावशींपर्यंत सगळे मिनूच म्हणतात. जन्माच्या दाखल्यात नावाचा रकाना अजून रिकामा आहे. पत्रलेखिकेला वाटतं, जे नाव रोज तोंडात आहे तेच कागदावर असावं, उगाच दोन नावांचा घोळ नको. नवऱ्याला ‘मृणालिनी’ जड वाटतं, स्पेलिंगचा त्रास होईल असंही वाटतं, पण ताईचं मन मोडवत नाही. सासूबाई म्हणतात, “मिनू हे काय नाव झालं? उद्या पोरगी डॉक्टर झाली तर पाटीवर मिनू लिहाल का?” एका नातेवाइकांनी ‘मृणालिनी उर्फ मिनू’ असा मधला मार्ग सुचवला आहे. त्यात पत्रिका करणाऱ्या गुरुजींनी अक्षर ‘ह’ काढून दिलं आहे. पत्र संपता संपता एक ओळ आहे: “तसं ते नाव वाईट नाही, पण बारशाआधी मला कुणी विचारलंही नव्हतं.” दाखल्यावर काय लिहावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ मी सगळ्यात आधी घेते. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण मला वाटतं बाकीचं पत्र तिच्यामुळेच लिहिलं गेलं.

बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी बाई धड उठून बसत नाही. टाके ओढत असतात, रात्रभर झोप नसते आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. पाळणा सजलेला, घुगऱ्या शिजलेल्या, बायका “कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या” म्हणत बाळ पाळण्याखालून एकमेकींकडे देत असतात. त्या गलबल्यात आत्या वाकते, बाळाच्या कानाशी ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगून मोकळी होते. हा आत्याचा मान आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. घरातून लग्न होऊन गेलेल्या लेकीला घरच्या नव्या बाळावर हक्क सांगता यावा, यासाठी किती चांगली रीत आहे ही! पण नाव सांगायचा मान वेगळा आणि नाव ठरवायचा अधिकार वेगळा. पुष्कळ घरांत आईवडील आधी नाव ठरवतात, आत्याला हळूच सांगतात, आणि मग ती ते कानात सांगते. तुमच्याकडे ठरवणंही आत्यानंच केलं. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकीचं नाव तुम्हाला पाहुण्यांबरोबर कळलं. हे लागणारच. त्याबद्दल स्वतःला कोती किंवा हट्टी समजू नका.

मात्र आता हे पाहा. मृणालिनी हे नाव तुमच्या सासरकडून आलं आणि मिनू हे तुमच्या बाबांकडून. गेले पाच महिने ही दोन नावं घरात शेजारी शेजारी सुखानं नांदत आहेत. बाबा फोनवर “आमची मिनू काय करून राहिली?” विचारतात, तेव्हा सासूबाईसुद्धा मिनूचीच खबर देत असतील. भांडण सुरू झालं ते दाखल्याचा रकाना समोर आल्यावर. आता त्या रकान्यात जे नाव जाईल त्यावरून कोणत्या घराचा शब्द राहिला हे मोजलं जाणार, अशी तुम्हा सगळ्यांचीच समजूत झालेली दिसते. हा ताण नावांचा नाही आणि दाखला भरून तो सुटायचाही नाही. मिनू लिहिलंत तर नणंद दुखावेल, मृणालिनी लिहिलंत तर तुम्ही आतल्या आत धुमसाल.

म्हणून एकदा, घरात कुणी नसताना, स्वतःला विचारा: हेच मृणालिनी नाव माझ्या आईनं सुचवलं असतं, तर मला आवडलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर तुमची तक्रार नावाबद्दल नाही, न विचारण्याबद्दल आहे. ती नणंदेपाशी बोलून दाखवायची, लेकीच्या कागदावर काढायची नाही. उत्तर ‘नाही’ आलं, तर नाव बदला. अजून वेळ आहे. पण तेव्हाही मृणालिनीला हरवायचं म्हणून मिनूला पुढे करू नका. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघांनी बसून, दोघांना आवडेल असं तिसरं पूर्ण नाव काढा. मिनू घरात आहे तशीच राहील.

दोन नावांच्या घोळाची तुम्हाला भीती वाटते. एका माणसाचं एकच नाव असावं, हे तुम्ही गृहीत धरून चालला आहात. आपल्याकडे तसं कधी नव्हतंच. जुन्या धर्मग्रंथांत नामकरणाच्या वेळी चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेवरून एक, जन्ममासावरून एक, नक्षत्रावरून एक आणि चौथं व्यवहारासाठी. गुरुजींनी काढलेलं ‘ह’ हे त्यातलं नक्षत्राचं, म्हणजे नावरस नाव. ते पत्रिकेत लिहायचं आणि तिथेच ठेवायचं. दाखल्याशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा तो गुंता इथेच सोडून द्या. आणि नागपुरात कुठल्या वस्तीत बंडू, गुड्डू, छोटी, पिंकी नाही? शाळेत त्यांची वेगळी नावं असतात आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. लहान मुलं तर हे फार लवकर शिकतात.

सासूबाईंचा मुद्दाही तितकाच तपासून पाहू. घरगुती नाव मोठ्या माणसाला शोभत नाही, हे खरं नाही. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. घरात ‘बाळ’ म्हणत, आणि जगानं बाळ गंगाधर टिळक म्हणूनच त्यांना ओळखलं. आपल्या जवळच्या हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेल्या मुरलीधर देवीदास आमट्यांना घरातले लहानपणापासून ‘बाबा’ म्हणायचे. आनंदवनात त्यांना कुणी ते पद म्हणून दिलं नव्हतं, ते लाडाचंच नाव होतं. आणखी जवळ यायचं तर आपल्या नागपूर विद्यापीठाची पाटी बघा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं जन्मनाव माणिक. गुरू आडकोजी महाराजांनी त्यांना ‘तुकड्या’ म्हटलं, आणि आज हजारो पदव्यांवर तेच नाव छापलेलं असतं. अमरावतीच्या विद्यापीठावर गाडगेबाबांचं नाव आहे. ते जन्मले तेव्हा डेबूजी होते. सोबतच्या मडक्यावरून, गाडग्यावरून लोकांनी नाव पाडलं. विदर्भातल्या या दोन मोठ्या विद्यापीठांवर जन्मनावं नाहीतच. तेव्हा डॉक्टर मिनू अशी पाटी लागली तर तिच्या दवाखान्यात पेशंट कमी येतील, असं मला मुळीच वाटत नाही.

तरीसुद्धा माझं मत विचाराल, तर दाखल्यावर पूर्ण नाव लिहा.

कारण निवड तिच्या हातात राहते. मृणालिनी लिहिलेलं असेल, तर ती पुढे मिनू राहू शकते, मृणाल होऊ शकते किंवा अख्खं नाव अभिमानानं मिरवू शकते. त्यासाठी तिला कुठल्या कार्यालयाची पायरी चढावी लागणार नाही. कागदावर नुसतं मिनू असेल आणि अठराव्या वर्षी तिला ते बाळबोध वाटू लागलं, तर मात्र राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात द्यायची, आधार, पॅन, बँक, मतदार यादी सगळीकडे ती प्रत घेऊन फिरायचं, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं जुनं नाव जन्मभर समजावून सांगत राहायचं. लांब नावातून लहान नाव फुकटात निघतं, उलटं करायला पैसे आणि खेटे पडतात. फरक एवढाच आहे, पण तो तिला आयुष्यभर पुरतो.

घरचं नाव कागदावर गेलं की काय होतं, याचं एक उदाहरण सांगते. काही काळापूर्वी याच सदराला उमरेड भागातल्या एका मुलानं पत्र लिहिलं होतं. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या सेवापुस्तकात पत्नीचं नाव शकुंतला. पण आईला माहेरी बेबी म्हणत, सासरी बेबीताई. आधारचं शिबिर लागलं तेव्हा नाव विचारल्यावर तिनं तेच सांगितलं, म्हणून आधारवर बेबीबाई. पासबुकात बेबीताई. वडील गेले आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची वेळ आली, तेव्हा शकुंतला म्हणजेच बेबीबाई हे तिला सिद्ध करावं लागलं. पासष्टीच्या पुढची बाई, नुकतं कुंकू पुसलेलं, आणि खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, तुम्ही शकुंतला कशावरून? शपथपत्र, साक्षीदार, राजपत्र असं सगळं होईपर्यंत अनेक महिने पेन्शन अडकली होती. मुलानं सोबत पाठवलेल्या आधारच्या छायाप्रतीवर तिची सही होती, वळणदार, एकेक अक्षर सुटं: शकुंतला. तिनं शाळेत गिरवलेलं नाव तेच होतं.

म्हणूनच ‘मृणालिनी उर्फ मिनू’ या तोडग्याला माझा ठाम नकार आहे. ऐकायला तो समजूतदार वाटतो, दोन्हीकडची मनं राखतो. पण ‘उर्फ’ एकदा एका कागदावर आला की दुसऱ्यावर तो सुटतो. संगणकाच्या एका अर्जात बसतो, दुसऱ्यात बसत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात जात पडताळणीची फाइल झाली असेल त्यांना हे ठाऊक आहे. पणजोबांचं नाव कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, एक, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये दुसरं, सातबाऱ्यावर ‘उर्फ’ लावून तिसरं. ही तिन्ही माणसं एकच होती हे नातवंडांनी समितीपुढे मांडायचं. जुन्या लोकांचा इलाज नव्हता, आपला आहे.

नवऱ्याची स्पेलिंगची काळजी मात्र रास्त आहे, आणि ‘मृणालिनी’च्या बाबतीत तर नागपुरात जास्तच. आपण मराठी माणसं ‘म्रुणालिनी’ म्हणतो, शेजारचे हिंदी बोलणारे ‘म्रिणालिनी’ म्हणतात. देवनागरीत दोघांचं एकच, पण इंग्रजीत लिहिताना कुणी ‘आर’नंतर ‘यू’ घालतं, कुणी ‘आय’. तुम्ही काही न सांगता घरातल्या तिघांना हे नाव इंग्रजीत लिहायला लावा. तीन तऱ्हा निघाल्या, तर समजा की शाळेतला आणि बँकेतला कारकूनही तसंच करणार. यावरून नाव सोडायची गरज नाही, पण दाखल्याआधी एक स्पेलिंग कायमचं ठरवा. मला विचाराल तर घरात जसं बोलता तसं ‘यू’ घालून लिहा. अर्ज भरताना ते मोठ्या अक्षरांत लिहा, आणि दाखला हातात आला की खिडकीवरून हलण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षर न् अक्षर वाचा. तुम्हा दोघांची नावंही तुमच्या आधारवर आहेत तशीच हवीत. ‘नाव तर बरोबर आहे’ म्हणून लोक घरी येतात आणि शाळाप्रवेशाच्या वेळी आईच्या नावातली चूक सापडते.

आता वेळेचं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यात बाळाचं नाव नसतानाही जन्माची नोंद करता येते, म्हणून तुमचा रकाना रिकामा राहू शकला. नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर विलंब शुल्क लागत नाही. नंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. म्हणजे तुमच्याकडे साधारण सात महिने आहेत, घाईगर्दीनं ठरवायचं कारण नाही. पण हेही लक्षात असू द्या की रिकाम्या जागी नाव भरणं सोपं असतं, भरलेलं नाव मन बदललं म्हणून बदलणं तसं नसतं. नोंदणी कार्यालय चूक दुरुस्त करतं, पसंती बदलून देत नाही. आणि आता या दाखल्याचं वजन वाढलं आहे. २०२३च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. मेडिकल, मेयो, डागा यांसारखं सरकारी रुग्णालय किंवा खासगी दवाखाना, बाळंतपण कुठेही झालेलं असो, ज्या कार्यालयातून दाखला मिळाला तिथेच दोघांच्या सहीचा अर्ज द्या. आधार त्याच्यानंतर, दाखल्यावरची अक्षरं बघूनच काढा. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, ते पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. पण नाव पहिल्या दिवसापासून पक्कं होतं, आणि आधारवर नावबदल साधारणपणे आयुष्यात दोनदाच करता येतो.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगाविशी वाटते. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र शासनानं ठरवलं आहे की शाळेचे दाखले, परीक्षेची प्रमाणपत्रं अशा कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. तुमच्या मुलीच्या नावाला लागून तुमचं नाव येणार आहे, वडिलांच्याही आधी. आपल्या आयांच्या वाट्याला हे आलं नव्हतं. तेव्हा नाव ठरवताना चारही शब्द एका ओळीत लिहून पाहा, मोठ्यानं वाचून पाहा. मृणालिनीपुढे तुमचं नाव कसं वाटतं ते ऐका. कुणी विचारलं नाही म्हणून तुम्ही या नावातून बाहेर राहिलात असं वाटत होतं ना, त्या ओळीत तुमची जागा पक्की आहे.

नणंदेशी बोलणं राहिलं. ते टाळू नका, आणि यजमानांना मध्ये घालू नका. एखाद्या दुपारी तुम्ही स्वतः फोन करा. “ताई, नाव छान निवडलंत. पण मला आधी सांगितलं असतं तर जास्त आनंद झाला असता, तेवढं मनात राहिलं होतं,” एवढंच म्हणा. आवाज चढवायचा नाही आणि रडायचंही नाही. शक्यता अशी आहे की तिला हे कधी जाणवलंच नसेल. तिच्या स्वतःच्या मुलांची नावं तिच्या नणंदेनं अशीच ठेवली असतील. नाव बदलायचंच ठरवलंत, तरी ते तिला तुमच्याकडून कळू द्या, दाखल्याच्या फोटोवरून नको.

सासूबाईंनाही एकदा सहज विचारा, आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं? त्यांच्या पिढीत लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं आणि पाहुण्यांना पेढे वाटायचे. पुष्कळ जणींना ते नाव त्याच वेळी कळायचं. तुमच्या सासूबाईंचं तसं झालं असेल, तर न विचारता मिळालेलं नाव म्हणजे काय हे त्या घरात तुमच्याइतकंच फक्त त्यांना कळेल. पूर्ण नावाचा त्यांचा आग्रहही मग तुम्हाला वेगळा दिसेल. आणि त्या दोन नावांनिशी जगल्या असतील, तर मिनूला दोन नावं असण्याचं भय तुम्हालाही कमी वाटेल.

शेवटी मृणालिनीच ठेवायचं ठरलं, तर ते कपाटात ठेवून देऊ नका. पूर्ण नाव एकदम शाळेच्या पहिल्या दिवशी कानावर पडलं तर मूल दचकतं. बाई हजेरीत नाव घेतात आणि ते शेजारच्याकडे बघत बसतं, कारण त्याला वाटतं हे दुसरंच कुणीतरी आहे. तुमच्या मिनूला दीड-दोन वर्षांची असल्यापासून ते नाव ऐकू द्या. डॉक्टरांकडे नंबर आला की “मृणालिनी, चल” म्हणा, तिच्या पहिल्या पुस्तकावर ते लिहा, आजोबांनाही सांगा की वाढदिवसाच्या पाकिटावर तेच लिहायचं. बाकी दिवसभर मिनू आहेच.

आणि लसीकरणाच्या कार्डावर आत्ता ‘बेबी ऑफ’ आणि पुढे तुमचं नाव असेल. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस द्यायला जाल. तोवर दाखला झाला असेल, तर त्याची प्रत सोबत न्या आणि नर्सबाईंना कार्डावर मुलीचं नाव घालून द्यायला सांगा. स्पेलिंग तुम्ही सांगा.